जुनं आधी, नवं नंतर

वापर: फरक जुनी-फाईल नवी-फाईल
जुनं आधी, नवं नंतर. उलटं केलंत तर बातमीही उलटी मिळेल. मग मला शिव्या घालू नका.

॰

एक डोळा हलवायला सहा स्नायू लागतात. आजाराचा हात त्यांना सगळ्यात शेवटी लागतो, असं डॉक्टर म्हणाले. आईने त्यातलं ‘सहा’ तेवढं ऐकलं. म्हणाली, “मग पुष्कळ आहेत की.”

॰

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी निळी चादर वाळत घालतं आणि दिवसभर काढत नाही.

॰

“हा आवाज कुठून शोधलास गं? फोन केल्यावर ‘आपण रांगेत आहात’ म्हणणारी बँकेतली बाई वाटते.”

॰

आजारी माणसाच्या खोलीत कोणी आलं की आधी औषधांच्या टेबलाकडे बघतं, मग खिडकीकडे, आणि अगदीच नाइलाज झाला की माणसाकडे.

॰

फरक नाही. दोन्ही फायली सारख्याच. घरी जा, जेवा.

॰

हे सगळे तुकडे एकाच खोलीतले आहेत. खोलीत वर-खाली होणारा पलंग आहे. पलंगावर दादा आहे. दादाच्या तोंडासमोर लोखंडी दांड्याला अडकवलेला पडदा आहे, आणि पडद्याखाली एक बारीक कॅमेरा, जो दिवसभर फक्त दादाचे डोळे बघतो. बाकीचं शरीर आजाराने एकेक करून काढून घेतलं. आधी बोटं, मग हात, पाय, मान, जीभ. डोळे राहिले.

पडद्यावर अक्षरांचे चौकोन आहेत. दादा ज्या अक्षराकडे बघतो तिकडे एक हिरवा ठिपका सरकतो. ठिपका पुरेसा वेळ तिथे टिकला की अक्षर उमटतं. अक्षरांचा शब्द, शब्दांचं वाक्य, आणि शेवटी कोपऱ्यातल्या ‘बोल’ या चौकोनाकडे बघितलं की बँकेतली बाई ते वाक्य मोठ्याने म्हणते.

हा प्रोग्राम दादाच्या धाकट्या बहिणीने लिहिला. तिला घरात मुंगी म्हणतात. लहानपणी ती साखरेच्या डब्याशी सापडली होती. नाव तेव्हा चिकटलं ते अजून निघालेलं नाही.

मुंगीला प्रोग्राम लिहायला दादाने शिकवलं. त्याचा धंदाच तो: मंद झालेले प्रोग्राम तपासायचे आणि पळते करायचे. ऑफिसात त्याला वैद्य म्हणायचे. नाडी बघतो म्हणून.

॰

नाडी कशी बघायची ते दादाने मुंगीला स्वयंपाकघरात शिकवलं होतं. तेव्हा त्याला आवाज होता, आणि हातात सुरी धरता येत होती.

“हे बघ. आई आत्ता काय करतेय?”

“कांदा चिरतेय.”

“थोड्या वेळाने परत बघ. आता?”

“कांदाच.”

“आता?”

“डोळे पुसतेय.”

“अशी हजारदा डोकावलीस आणि सातशे वेळा कांदा दिसला, तर आईचा वेळ कुठे गेला?”

“कांद्यात.”

“झालं. हीच प्रोफाइल. प्रोग्राम चालू असताना त्याला हळूच विचारत राहायचं, बाबा रे, या क्षणी काय करतोयस? आणि उत्तरं मोजायची.”

“मेल्यांनो, मोजण्यापेक्षा कोणीतरी कांदा चिरा,” आई म्हणाली होती.

पण एक प्रोफाइल म्हणजे काहीच नाही, असं दादाचं म्हणणं. कांद्यात सातशे, हे जास्त की कमी? कोणाला माहीत? कालची प्रोफाइल आणि आजची प्रोफाइल शेजारी ठेवली तरच बोलता येतं. त्यासाठी त्याने एक छोटी कमांड लिहिली होती. तिचं नाव ‘फरक’. चित्र नाही, बटण नाही. काळ्या खिडकीत ‘फरक’ लिहायचं, पुढे दोन फायलींची नावं, आधी जुनी, मग नवी. एंटर दाबलं की ओळी उतरत जातात. एकेका ओळीत एकेक काम. ज्या कामाला आता जास्त वेळ लागतो त्याच्यापुढे अधिक, ज्याला कमी लागतो त्याच्यापुढे उणे. सगळ्यात मोठा फरक सगळ्यात खाली, म्हणजे नजर आपोआप तिथेच पडते. आणि कमांडीच्या पोटात दादाचे शेरे: “घरी जा, जेवा” वगैरे.

तो आवाज गेला तरी शेरे राहिले. मुंगी कधीकधी मुद्दाम एकच फाईल दोनदा द्यायची. घरी जा, जेवा.

॰

पडदा बसवला त्या दिवशी दादाने पहिली दहा-बारा वाक्यं गमतीची म्हटली. मग आई चहा करायला गेली तेव्हा म्हणाला:

“आजची प्रोफाइल ठेव. दोन्ही प्रकारच्या.”

“कशाला? नवा कोरा तर प्रोग्राम आहे.”

“म्हणूनच.”

मुंगीने ठेवल्या. नाव दिलं ‘आधी’. कशाच्या आधी, ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

॰

पुढे वाक्यं उशिरा येऊ लागली.

पहिल्यांदा कोणाला जाणवलं नाही. मग आई वाक्य पुरं व्हायच्या आत उठून गॅस बंद करून येऊ लागली. मग कपडे वाळत घालून येऊ लागली. हिरवा ठिपका अक्षराजवळ जायचा, थबकायचा, बाजूला सरकायचा, परत यायचा. जसा काही प्रोग्रामच विचारात पडलाय.

“मुंगे,” बँकेतली बाई म्हणाली, “तुझा प्रोग्राम म्हातारा झालाय.”

मुंगीने हे वाक्य दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हाताऱ्या प्रोग्रामवर तिच्याकडे इलाज होता.

॰

बोलण्याच्या उपचारांसाठी एक बाई महिन्यातून एकदा यायच्या. शांत, जाड काचेचा चष्मा, बूट काढून आत येणाऱ्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. या खेपेला त्यांनी दादाला एक वाक्य लिहायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बाजूला बसल्या. वाक्य होतं ‘आज ऊन आहे’. ते उमटेपर्यंत खोलीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं.

बाहेरच्या खोलीत मॅडम म्हणाल्या, “मला वाटतं अक्षरं आता काढावीत. दोनच मोठे चौकोन ठेवू. एक हो, एक नाही. आपण प्रश्न विचारायचे, ते उत्तर देतील. त्यांना खूप कमी त्रास होईल.”

“म्हणजे तो स्वतःहून काही बोलणारच नाही?” आईने विचारलं.

“विचारलं तर बोलतील.”

“माझा मुलगा काय कोर्टात उभा आहे का, हो-नाही सांगायला?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांना हे नवीन नव्हतं.

मुंगी मधे पडली. “मॅडम, दोष त्याचा नाही, प्रोग्रामचा आहे. त्याने स्वतः सांगितलंय. तुमच्या पुढच्या खेपेपर्यंत मी नीट करते. नाहीच झालं तर मग तुमचं हो-नाही.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “पण मला दाखवा. नुसतं वाटतंय म्हणून नको.”

असं ठरलं. प्रोग्राम पळता झाला तर दादाची वाक्यं राहणार. नाही झाला तर जाणार.

॰

पहिली तुलना.

मुंगीने नवी प्रोफाइल घेतली आणि जुनीशी लावून पाहिली. खालून पहिल्याच ओळीत गुन्हेगार सापडला. दादा अक्षर लिहायला लागला की प्रोग्राम पुढचा शब्द सुचवायचा, आणि त्यासाठी दादाने आजवर लिहिलेलं सगळं चाळायचा. ते सगळं आता फुगलं होतं. मुंगीने चाळणी सुधारली. परत प्रोफाइल, परत फरक. अधिकाचं उणे झालं.

“बघ, तरुण केला तुझा म्हातारा.”

दादाने लिहायला घेतलं. ठिपका अक्षराजवळ गेला, थबकला, बाजूला सरकला, परत आला. आई जाऊन गॅस बंद करून आली.

आकडे सुधारले होते. वाक्य तितकंच उशिरा आलं. ते असं होतं:

“थांबणं मोजलंस का?”

मुंगी ओशाळली. ही दादाची शिकवण होती आणि ती विसरली होती. साधी प्रोफाइल फक्त काम मोजते. प्रोग्राम काही न करता नुसता वाट बघत बसला असेल तर तो वेळ तिच्या खिजगणतीत नसतो. कांदा चिरणारी आई दिसते. दारात उभी राहून कोणाची तरी वाट बघणारी आई दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारची प्रोफाइल घ्यावी लागते, घड्याळ लावून, थांबण्यासकट. पहिल्या दिवशी दादाने “दोन्ही प्रकारच्या” म्हटलं होतं ते यासाठी.

॰

दुसरी तुलना.

मुंगीने थांबण्यासकटची नवी प्रोफाइल घेतली. तिला नाव दिलं ‘आता’. जुनी ‘आधी’ तिच्या शेजारीच होती. थांबण्यासकटच्या प्रोफाइलींच्या वेगळ्या कप्प्यात दोनच फायली, म्हणून दोन्ही नावं लिहायचा कंटाळा करून तिने ‘फरक’च्या पुढे नुसती चांदणी (*) टाकली. चांदणी म्हणजे: इथे जे काही आहे ते सगळं घे.

एंटर.

ओळी उतरल्या आणि वरच्या वर निघून गेल्या. सगळ्यात खाली, सगळ्यात मोठा आकडा, कामाचं नाव ‘नजर ठरेपर्यंत थांबणे’. त्याच्यापुढे उणे.

तिने पडद्याला नाक लावून पाहिलं. उणेच होतं.

नजर ठरेपर्यंतचं थांबणं कमी झालं होतं.
अक्षरांमधली भटकंती कमी झाली होती.
चुकून निवडलेली अक्षरं कमी झाली होती.

“आई! अगं आई, इकडे ये आधी!”

आई ओल्या हातांनी आली. “काय झालं? पडला का तो?”

“नाही गं. सुधारतोय. त्याचे डोळे पहिल्यापेक्षा लवकर ठरतात. आपल्याला उशीर वाटतो तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे, मी तो काढते शोधून. पण हे बघ, हे उणे!”

“उणे म्हणजे वाईट ना?”

“इथे उणे म्हणजे चांगलं.”

“काय बाई तुमचं एकेक,” आई म्हणाली, आणि खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता तिने ओले हात पदराला पुसले आणि मावशीला फोन लावला. “अगं, ऐक. डोळे सुधारतायत. हो, मोजलंय. मुंगीने मोजलंय, कॉम्प्युटरवर. उणे आलंय. नाही गं, चांगलं असतं ते, तुला नाही कळायचं.”

मुंगीने लॅपटॉप उचलून दादासमोर धरला. अगदी वरपर्यंत सरकवून पहिल्या ओळीपासून दाखवला. दादाने वाचलं. त्याचे डोळे वरच्या ओळीवर बराच वेळ होते. तिला वाटलं, आनंदाने.

मग तो पडद्याकडे वळला आणि लिहू लागला. क. त्याला जोडायची खूण. र.

आई फोन खांद्यावर धरून म्हणाली, “काय म्हणतोस रे? मावशी विचारतेय.”

ठिपका कितीतरी वेळ पुढच्या अक्षरापाशी घुटमळला. मग ‘पुसा’ या चौकोनावर गेला.

॰

(इथे एक दिवस आहे. आईने त्या दिवशी खोलीचे पडदे धुतले. मुंगीने मॅडमना निरोप धाडला: सुधारणा आहे, आकडे आहेत, हो-नाहीची गरज पडणार नाही. मॅडमचं उत्तर आलं: “मला समोर बसून उलटंच वाटलं होतं. पण आकडे आहेत म्हणता तर छानच.” दादा दिवसभर काही बोलला नाही. दमला असेल, म्हणाले सगळे.)

॰

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली. दार ओढल्याचा आवाज आला तसा दादा लिहायला लागला. मुंगी शेजारी बसून कंपनीचं काम करत होती. ती अक्षरं बघत नव्हती. बँकेतली बाई बोलली तेव्हा ती दचकली.

“क्रम बघ.”

“कसला क्रम?”

एवढं लिहायलाच त्याचा जीव गेला होता. पापण्या मिटून पडून राहिला.

मुंगीने ती काळी खिडकी परत उघडली आणि या वेळी अगदी वर गेली. परवा जी ओळ तिने त्याला दाखवली होती आणि स्वतः पाहिली नव्हती, त्या ओळीवर.

जुनी फाईल: आता. नवी फाईल: आधी.

चांदणी टाकली की मशीन नावं स्वतः लावून घेतं, आणि ते वर्णमालेच्या क्रमाने लावतं. मशीनला काळ कळत नाही. त आधी येतो, ध नंतर. म्हणून ‘आता’ पहिली गेली, ‘आधी’ दुसरी. कमांडीने आजच्या दादाला जुना धरलं आणि त्या पहिल्या दिवशीच्या दादाला नवा. आणि हिशेब केला की हा माणूस किती सुधारलाय.

तिने दोन्ही नावं हाताने लिहिली. जुनं आधी, नवं नंतर. एंटर.

नजर ठरेपर्यंतचं थांबणं वाढलं होतं.
अक्षरांमधली भटकंती वाढली होती.
चुकून निवडलेली अक्षरं वाढली होती.

बाकी कुठल्याही ओळीत सांगण्यासारखं काही नव्हतं. प्रोग्राम ठणठणीत होता.

॰

“परवाच का नाही सांगितलंस?”

तिने हे मोठ्याने विचारलं नाही असं तिला वाटलं, पण विचारलं होतं. दादाने डोळे उघडले. ठिपका निघाला. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि प्रत्येक अक्षर येताना पाहिलं. आता तिला दिसत होतं. ठिपका थबकायचा तेव्हा प्रोग्राम विचार करत नव्हता. दादाची नजर थरथरत होती, आणि तो थरथराट प्रोग्राम गुळगुळीत करून दाखवत होता. तशी सोय तिनेच केली होती, त्याला ठिपका नाचताना बघून त्रास होऊ नये म्हणून.

“आई हसत होती.”

तो अजून लिहीत होता.

“पण आकडा चूक होता.”

“दादा,” ती म्हणाली, “मग ते म्हातारा झालाय वगैरे? तुला माहीत होतं ना, की दोष प्रोग्रामचा नाहीये?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिथे ठिपका नव्हता, नुसते डोळे होते. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला.

“पहिल्यांदा मलाही तसंच वाटायचं.”

मुंगी उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. तिच्यात काहीतरी करायची सवय होती, तिने ती बाहेर काढली. “हे बघ. आपण अंदाज वाढवू. तू एक अक्षर दे, पुढचं सगळं वाक्य प्रोग्राम बनवेल. तुझं जुनं सगळं लिखाण आहे आपल्याकडे, ऑफिसच्या मेल आहेत, त्यावरून तू काय म्हणशील ते त्याला बरोबर कळेल. तू फक्त ‘बोल’कडे बघायचं. मॅडमना दाखवू, वाक्यं राहतील.”

“नको.”

“अरे, करून तर बघू.”

“ते बोलेल. मी नाही.”

“निदान आईसाठी?”

यावर तो इतका वेळ लिहीत राहिला की तिने मधे त्याच्या तोंडाला ओला बोळा लावला.

“आईला तर मुळीच नको.”

॰

आई बाजारातून आली. मुंगीने पिशव्या घेतल्या, ओट्यावर ठेवल्या, आणि तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. नावं उलटी पडली होती. सुधारणा नाही. डोळेच थकतायत.

आईने एकेक वस्तू पिशवीतून काढून जागच्या जागी ठेवली. मग म्हणाली, “मग परत उलटं कर.”

“आई, तसं नसतं गं.”

“का? परवा केलंस तेव्हा झालंच ना?”

“ती चूक होती.”

“असू दे चूक. कर तू. मी मावशीला काय सांगू?”

मुंगीने तिला धरलं. आई काही रडली नाही. मुंगीच्या खांद्यावरून ओट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “परवा तो काहीतरी लिहीत होता गं. क्र. मी फोनवर होते.”

॰

मॅडम आल्या. मुंगीने त्यांना खरे आकडे दाखवले आणि चूकही सांगितली. मॅडम नुसत्या “हं” म्हणाल्या. नंतर दादाच्या हातावर हात ठेवून त्यांनी सगळं त्यालाच समजावून सांगितलं, मोठ्याने, सावकाश, जसं काही ते त्याला आधीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “बदलण्याआधी काही लिहायचं असेल तर लिहा. आम्हाला घाई नाही.”

आईने खुर्ची जवळ ओढली. केस नीट केले.

दादाने लिहायला घेतलं. त्या वाक्याला सगळी सकाळ लागली. मधे दोनदा तो झोपल्यासारखा झाला. चुकलेली अक्षरं तो पुसत होता. मुंगी म्हणाली, “राहू दे, कळतंय,” तरी पुसतच होता. आई एकदाही उठली नाही. गॅसवर दूध उतू गेलं, वास आला, मॅडमच जाऊन बंद करून आल्या.

मग ठिपका कोपऱ्यात गेला आणि बँकेतली बाई म्हणाली:

“मुंगे फरकमध्ये तारीख तपास उलटी असली तर चालू देऊ नको.”

आई मुंगीकडे वळली.

“काय म्हणाला?” आईने विचारलं.

“त्याच्या कमांडीत सुधारणा सांगतोय. फायली उलट्या दिल्या तर तिनेच अडवायला हवं, असं. म्हणजे माझ्यासारखं परत कोणाचं होणार नाही.”

“आणि?”

“एवढंच.”

आईने दादाकडे पाहिलं. दादा आईकडेच बघत होता. त्याचे डोळे पडद्याकडे वळले, ठिपका अक्षरांच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच फिरत राहिला, कुठल्याच चौकोनात न शिरता. मग पापण्या मिटल्या. मॅडम हलकेच म्हणाल्या, “पुरे आता.”

॰

मुंगीने त्याच आठवड्यात ती सुधारणा केली. काम फारसं नव्हतं. प्रत्येक फाईल कधी घेतली ते तिच्या आतच लिहिलेलं असतं, ते वाचायचं. दुसरी फाईल पहिलीपेक्षा जुनी निघाली तर थांबायचं. अडली ती शेऱ्यापाशी. थांबल्यावर कमांडीने काहीतरी म्हणायला हवं, आणि दादासारखं म्हणायला हवं. तिने बरंच काही लिहून खोडलं. “डोळे उघडा.” खोडलं. “आजीला नातीच्या मांडीवर बसवू नका.” हे बरं होतं, पण तिला हसू आलं नाही म्हणून तेही खोडलं. शेवटी ठेवलं: “तारखा उलट्या आहेत.”

तिने दादासमोर लॅपटॉप धरून तीच चांदणी परत टाकली. कमांडीने ऐकलं नाही.

“बरोबर आहे?”

पडद्यावर आता दोनच चौकोन होते, तळहाताएवढे. ठिपका डावीकडे गेला. हो.

“शेरा चांगला नाहीये ना?”

नाही.

म्हणजे शेरा चांगला नाही, की चांगला नाहीये असं नाही, ते तिला कळलं नाही. प्रश्न कसा विचारायचा हेही शिकावं लागणार होतं.

॰

आई शिकली नाही. ती रोज दुपारी खुर्ची ओढून बसते.

“त्या दिवशी मला काही सांगायचं होतं का रे?”

हो.

“मी रडू नको, असं?”

नाही.

“मावशीला काही कळवायचं होतं?”

नाही.

“माझ्यावर चिडलायस? मी फोनवर होते म्हणून?”

नाही.

“मुंगीचं लग्न?”

नाही. मुंगी आतून ओरडते, “आई, पुरे.” आई हात हलवते, माशी वारावी तसा.

“बाबांचं काही?”

नाही.

“खायला हवं होतं काही? मी करून आणेन, नुसता वास घे.”

नाही.

“मग काय रे राजा?”

यावर चौकोन नाही. ठिपका दोन्हींच्या मधल्या पट्टीत उभा राहतो. आई थोडा वेळ वाट बघते, पलंगाची चादर ओढून सारखी करते, आणि नवा प्रश्न शोधते. कालचा एखादा पुन्हा येतो. दादा त्याचंही उत्तर देतो, दरवेळी तेच. मुंगी आतल्या खोलीत कानात बोळे घालून काम करते, पण बोळे अर्धेच घालते. एखादे दिवशी ‘हो’ आलं तर ऐकू यावं म्हणून.

॰

दादा स्वतःच्या आवाजात शेवटचं बोलला ते आदल्या हिवाळ्यात, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, बटणांपाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाशी. तो म्हणाला होता, “तिसरा मजला.”